सुक्या बोंबलाचा वास आणि एक जीन

मी वाणगावचा. चिंचणीच्या बाजारातले सुके बोंबील आजी पिशवीत भरून द्यायची. पुण्यातल्या घरमालकाने त्याच वासावरून मला खोली सोडायला लावली. मग म्हटलं, वास म्हणजे नक्की काय ते बघूच.

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी वास ओळखणाऱ्या प्रथिनांच्या जीन्सचं मोठं कुटुंब शोधलं; २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २००६ मध्ये बक आणि स्टीफन लिबरलेस यांना उंदराच्या नाकात आणखी एक वेगळाच गट सापडला. त्यातलं टीएएआर५ हे प्रथिन ट्रायमिथाइलअमाइन पकडतं. म्हणजे आपला मासळीचा वास. मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या अंगातल्या एका बिनवासाच्या रसायनापासून ते बनवतात. माणसातही हा जीन आहे, सहाव्या गुणसूत्रावर.

खरी गंमत २०२० ची. आइसलँडमध्ये हजारो लोकांना वास देऊन विचारलं. या जीनमध्ये ठरावीक बदल असलेल्यांना मासळीचा वास कमी घाण वाटला. कुणी तर बटाटा, कॅरॅमल असं सांगितलं!

आजीला तो बदल नसणार. बोंबील नीट वाळलाय की नाही, हे ती वासावरूनच सांगते. नव्या खोलीत मी डबा घट्ट झाकणाचा घेतलाय.