कळ, जल्प आणि ट्रोल : एक प्रस्तावना

३० जून २०१८ रोजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्विटरवर कौल घेतला. गेले काही दिवस आपल्याबद्दल जे लिहिलं जातंय ते तुम्हाला मान्य आहे का, एवढाच प्रश्न. चोवीस तासांत १,२४,३०५ मतं पडली. ५७ टक्के ‘नाही’, ४३ टक्के ‘हो’.

या विषयाकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकाला मी आधी हा आकडा दाखवतो. असा कौल म्हणजे शास्त्रशुद्ध पाहणी नव्हे, त्यात खोटी खातीही असणार, हे मान्य. पण ४३ टक्के म्हणजे त्रेपन्न हजारांवर मतं. ट्रोल म्हणजे कुठल्याशा खोलीत बसलेली चार-दोन रिकामटेकडी पोरं, ही समजूत घेऊन आलेल्या माणसाला इथे पहिली ठेच लागते, आणि ती लागलेली बरी.

प्रकरण सुरू झालं लखनौच्या पासपोर्ट सेवा केंद्रात. वेगवेगळ्या धर्मांच्या नवरा-बायकोने तिथल्या अधिकाऱ्याने आपला अपमान केल्याची तक्रार केली. अधिकाऱ्याचं म्हणणं, मी फक्त नावाच्या कागदपत्रांबद्दल विचारलं. दुसऱ्याच दिवशी जोडप्याला पासपोर्ट मिळाले आणि अधिकाऱ्याची बदली झाली. स्वराज १७ ते २३ जून परदेशात होत्या. परतल्या तेव्हा त्यांच्या नावाने शिमगा चालू होता, आणि तो करणाऱ्यांत पुष्कळसे स्वतःला त्यांच्याच पक्षाचे पाठीराखे म्हणवणारे होते. त्यांनी काय केलं, तर त्यातली काही ट्वीट्स स्वतःच ‘लाइक’ करून सगळ्यांसमोर ठेवली.

आता त्या शिमग्याचे थर सोडवू. ‘चौकशी पुरी व्हायच्या आत बदली कशी केली?’ ही टीका झाली, आणि माझ्या मते रास्त टीका. ‘मतांसाठी मंत्रालय झुकलं’ हा आरोप आहे. बोचरा, कदाचित अन्याय्य, पण त्याला उत्तर देता येतं. तिसऱ्या थरातल्या एकाने मजल नेली ती स्वराज यांच्या मूत्रपिंडापर्यंत. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं होतं, आणि या गृहस्थांनी त्या मूत्रपिंडाचा धर्म काढला. आणखी एकाने त्यांच्या यजमानांना, स्वराज कौशल यांना, सल्ला दिला की बाई घरी आल्या की त्यांना मारा.

याला उत्तर काय द्यायचं? माझ्या दृष्टीने या क्षेत्राचं दार इथे आहे. शब्द सौम्य की कडक, शिवी आहे की नाही, हे निकष पहिल्याच पायरीवर निकामी होतात. विचारायचं ते एवढंच : बोलणाऱ्याने समोरच्याला उत्तराची जागा ठेवली आहे का? ज्याला उत्तर नको, फक्त तळमळ पाहायची आहे, त्याचं बोलणं संवादाच्या वेशात आलेलं असलं तरी संवाद नव्हे. आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे : कळ काढणे. शाळेत मागच्या बाकावरून वेणी ओढणाऱ्या पोराला उत्तर थोडंच हवं असतं!

इंग्रजीत ‘ट्रोल’ला दोन बाप सांगतात. एक स्कँडिनेव्हियन लोककथांमधला राक्षस, दुसरा मासेमारीतला प्रकार : चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी सोडायची आणि कोण गिळतो ते पाहायचं. १९९०च्या दशकात इंटरनेटवर नवख्यांना असं गळाला लावण्याचा खेळ चाले, तेव्हा हा दुसरा अर्थच जवळचा होता. ज्युडिथ डोनाथ यांनी १९९९ मध्ये त्याकडे ओळखीच्या फसवणुकीचा खेळ म्हणून पाहिलं : आपल्यातलाच एक असल्याचं सोंग आणि आत वेगळाच डाव. क्लेअर हार्डेकर यांनी २०१०च्या निबंधात आक्रमकता, फसवणूक, व्यत्यय आणि डाव साधणं अशा चार खुणा मांडल्या. भारतात मात्र शब्दाचा अर्थ सरकला. आपण ट्रोल म्हणतो ते सोंग घेणाऱ्याला कमी आणि झुंडीला जास्त. गळ टाकून बसलेला एकटा कोळी आणि शेतावर उतरलेली टोळधाड यांना एकच नाव पडलं आहे. म्हणून परदेशी व्याख्या जशीच्या तशी इथे लावू नका. मासा आणि पीक यांचं दुखणं एक नसतं.

मराठी वर्तमानपत्रांनी ट्रोलसाठी ‘जल्पक’ हा शब्द चालवला. शब्द देखणा, पण जल्पावर थोडा अन्याय करणारा. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी; आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता नुसती समोरच्याची पाडणं. जल्पात छल चालतो. त्याचं नेहमीचं उदाहरण ‘नवकंबल’चं. एक म्हणतो, देवदत्ताकडे नव कांबळं आहे, म्हणजे नवं. दुसरा म्हणतो, कुठे आहेत नऊ? एकच तर दिसतं! आजच्या कितीतरी भांडणांचा सांगाडा हाच. तरी सूत्रकाराने जल्प-वितंडेला हाकलून दिलं नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग त्याने सांगितला. शिवाय वितंडा करणाऱ्यालाही समोर बोलणारा लागतो. ट्रोलला तो गप्प झालेला हवा असतो, नाहीतर रडवेला.

हे सगळं मोबाइलने आणलं असं वाटत असेल, तर पुन्हा लखनौलाच चला. अदब, ‘पहले आप’ यांचं शहर. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीचा शहजादा सुलेमान शिकोह इथे दरबार थाटून होता. त्याच्या आश्रयाला मुसहफी आणि इंशा हे दोन शायर, आणि दोघांचं हाडवैर. मुहम्मद हुसेन आझादांनी ‘आब-ए-हयात’मध्ये (१८८०) हा किस्सा सांगितला आहे. आझादांना किस्से रंगवायची हौस, तेव्हा चिमूटभर मीठ काढून वाचा. ते सांगतात : मुसहफीचे शिष्य निंदेच्या कविता म्हणत मिरवणुकीने इंशाच्या दारी आले. इंशाने त्यांचं स्वागत केलं, कविता ऐकून दाद दिली, खाऊपिऊ घालून पाठवलं. मग त्याची मिरवणूक निघाली. हत्तीवर बाहुला आणि बाहुली, म्हणजे मुसहफी आणि त्याची बायको, एकमेकांशी झोंबणारी. सोबत दोघांवरच्या ओळी.

इंशाचा पाहुणचार आणि स्वराज यांचं ‘लाइक’ शेजारी ठेवून पाहा. दोघांनी आलेली घाण दारातच, सगळ्यांच्या देखत स्वीकारली. पण बाहुलीकडेही पाहा. शायरीच्या भांडणाशी त्या बाईचा काय संबंध? आणि सव्वादोनशे वर्षांनी पासपोर्टच्या भांडणात निरोप जातो नवऱ्याला. घरातल्या बाईवरून माणसाला, आणि नवऱ्यामार्फत बाईला गाठण्याची वाट जुनीच आहे. म्हणून ‘पूर्वीचे लोक भांडले तरी सभ्य होते’ हे मला पटत नाही. फरक एवढाच की मुसहफी-इंशा एकमेकांना नावानिशी ओळखत, आणि मिरवणूक संध्याकाळी संपे.

लखनौच्याच ‘अवध पंच’ने (१८७७) टर उडवण्याला साप्ताहिक बैठक दिली. १९०५ मध्ये कवी चकबस्तांनी ‘गुलजार-ए-नसीम’ या जुन्या उर्दू काव्याची नवी आवृत्ती काढली, लेखक शररांनी तिच्यावर टीका केली, आणि ‘अवध पंच’ चकबस्तांच्या बाजूने शररांवर तुटून पडला. ही खडाजंगी उर्दूत आजही अभ्यासली जाते, कारण शिवराळपणाखाली भाषेचा खरा प्रश्न होता. आपले आचार्य अत्रे आज असते तर ट्रोल ठरले असते का, असं विद्यार्थी हमखास विचारतात. माझं उत्तर नाही. अत्रे शिव्या सहीनिशी देत, आणि समोरच्याच्या हातातही लेखणी असे. अर्थात, ज्यांच्या हाती ती नव्हती त्यांना हे उत्तर कितपत पटेल याची मला खात्री नाही.

कायद्याच्या नादी लागण्याआधी पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली. त्याबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी दुसरी, अशा दोघींना तिथे अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्यातूनच गाजलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं. ‘त्रासदायक’ हा शब्द कलमात होता, आणि त्रास कोणाला कशाने होईल याला माप नाही. ढिली व्याख्या ट्रोलला सोडते आणि साध्या माणसाला धरते. व्याख्येची मारामारी पुस्तकी नाही, ती यासाठी.

मोजणीही हवीच. अ‍ॅम्नेस्टीने २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ भारतीय महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली १,१४,७१६ ट्वीट्स तपासली, त्यांतली १३.८ टक्के आक्षेपार्ह किंवा शिवराळ निघाली. पण मोजणीला न सापडणारंही पुष्कळ असतं. समजा, कोणी साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो टाकला. एक लिहितो, ‘याला खिचडी म्हणतात?’ ही चेष्टा. दुसरा लिहितो, ‘राग मानू नका, फक्त विचारतो, तुमच्याकडे उपासाला हे चालतं का?’ शिवी नाही, उलट आर्जव आहे. पण ‘तुमच्याकडे’मध्ये जात भरलेली आहे, आणि ज्याला लागायची त्याला ती लागते. तो भडकून काही बोलला की दुसरा म्हणणार, ‘बघा, साधं विचारलं तर!’ शिव्यांची यादी घेऊन बसलेलं यंत्र इथे चिडलेल्यालाच दोषी धरेल.

तेव्हा या, विषयात जागा भरपूर आहे. मराठीतलं काम तर जेमतेम सुरू होतंय. एक विनंती मात्र आहे. नमुना म्हणून एकटं वाक्य कापून आणू नका. त्याच्या वरची वीस आणि खालची वीस वाक्यं सोबत ठेवा, आणि लिहिणाऱ्याने नंतर पुसलेलं काही तुमच्या हाती असेल तर तेही.