मालक दिसत नाही, मग हमाली कोण देणार?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण नवी मुंबईकरांनी शेवटपर्यंत वाचावी.

सध्या एका गोष्टीची फार चर्चा आहे. असं सॉफ्टवेअर, जे स्वतः पैसे कमावतं, त्यातून सर्व्हरचं भाडं भरतं आणि जे काम स्वतःला जमत नाही त्यासाठी माणूस लावतं. ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही. २०२३ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ चा अहवाल काढला, त्यात एका चाचणीची नोंद आहे. प्रोग्रॅमने टास्करॅबिटवरच्या माणसाला कॅप्चा सोडवायला सांगितलं. त्या माणसाने विचारलं, तू रोबो आहेस का? उत्तर आलं, नाही, मला नीट दिसत नाही. संशोधकांच्या मदतीने केलेली चाचणी होती ती. पण मुद्दा कळला ना? काम करणाऱ्याला माहीतच नव्हतं की आपल्याला कामाला कोण लावतंय.

आता हा प्रश्न आपल्या वाशी मार्केटला नवीन नाही.

१९६० च्या दशकातली मुंबई घ्या. मशीद बंदर, दाणाबंदर. माथ्यावर पोती वाहणारा तो माथाडी. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही, टोळीवाल्याला विचारा. टोळीवाला म्हणायचा, मी पण हमालच. हजेरीपुस्तकात नाव नाही, म्हणून सुट्टी नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. पाठ मोडली की घरी बसा. कामगार होता, काम होतं, मालक मात्र कागदावर कुठेच नव्हता.

अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मला यातली गंमत ही वाटते की कायदा 'खरा मालक कोण' हे शोधत बसला नाही. त्याने बोर्ड नेमलं. व्यापारी, कामगार आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी त्यात. हमालाने बोर्डात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानेही नोंदवायचं. मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची. पगार, फंड, बोनस, दवाखाना बोर्ड बघणार. म्हणजे माल जिथे हलला तिथेच पैसा अडवला. पुढे घाऊक बाजार इकडे आले, माथाडीही आले. कोपरखैरण्यातली माथाडी वसाहत त्याच कायद्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या माणसांची आहे. बोगस माथाडी, खंडणीच्या तक्रारी, हेही पुढे झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मूळ रचना भक्कम होती.

कोणी म्हणेल, व्यापारी निदान माणूस होता, इथे तर माणूसच नाही. त्याचंही उत्तर आपल्याकडे जुनं आहे. देवाची जमीन असते, देवाला उत्पन्न असतं, देवाच्या सेवेत माणसं असतात. १८८७ मध्ये डाकोरच्या देवस्थानाच्या खटल्यात मुंबई हायकोर्टाने मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलं. पण सेवकांना मोकळं सोडलं नाही. दान घेता ना, मग हिशेब द्या, असं बजावलं. देव कोर्टात उभा राहत नाही, वहिवाट बघणारा राहतो. सॉफ्टवेअरला आपल्या कायद्यात देवासारखं स्थानही नाही. तेव्हा त्याच्या नावाने खातं उघडणारा, सर्व्हर चालवणारा, नफा उचलणारा कोणीतरी आहेच.

आणि तो सर्व्हर काही ढगात नसतो. ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटर्स आहेत, वीज खातात, पाणी पितात.

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला. बोर्ड, नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर वर्गणी. थेट माथाडी बोर्डाची आठवण येते. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अॅप कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के भाग द्यायची तरतूद आहे. पण ज्या महाराष्ट्राने ही वाट दाखवली, तिथल्या डिलिव्हरीवाल्याला आज 'पार्टनर' म्हणतात आणि त्याचा आयडी कधी बंद होईल ते अॅप ठरवतं.

माझं म्हणणं सरळ आहे. काम देणारा शेठ असो, कंपनी असो की प्रोग्रॅम, पैसा ज्या वाटेने जातो तिथे लेव्ही बसवा. मालकाचा शोध नंतर घेऊ, हमाली आधी द्या.

तुम्हाला काय वाटतं? मार्केटमध्ये काम केलेल्यांनी तर नक्की लिहा.