मोगल महफिलीतला प्याला

मुसलमानांच्या घरात दारूविषयी दोनच वाक्ये ऐकायला मिळतात. ती हराम आहे, हे एक. आणि बादशहा मात्र पीत असत, हे दुसरे. तेही दबक्या आवाजात. यापुढे बोलणे होत नाही, म्हणून 'चार मित्रांत कधीमधी' घेणारा आपला तरुण सवयीपर्यंत केव्हा पोचला हे घराला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मोगलांनी याबाबत आपल्यापेक्षा जास्त मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

बाबरनाम्यात १५१९ सालच्या एका बैठकीची हकीगत आहे. दरवेश मुहम्मद सारबान हा तरुण शिपाई पीत नसे. बाबराने त्याची थट्टा केली, की पांढऱ्या दाढीचा कुतलुक ख्वाजा पितो आणि तू काळ्या दाढीचा असून नाही? मात्र न पिणाऱ्याला आग्रह करायचा नाही हा आपला रिवाज असल्याचेही तो तिथेच नोंदवतो. गोष्ट थट्टेवरच मिटली. बादशहाची थट्टा किती जड असते हे त्या सारबानालाच ठाऊक! तरीही हा रिवाज आम्हाला मोठा वाटतो. आजच्या पार्ट्यांत तो किती यजमान पाळतात?

त्याचा पणतू जहांगीर आपली कथा स्वतः सांगतो. अठरा वर्षांचा होईपर्यंत तो दारू पीत नसे. अटकेजवळ शिकारीत दमला असता एका तोफचीने सुचवले, एक प्याला घ्या, शीण जाईल. पिवळट, गोड अशी दीड प्याला दारू आली. पुढे नऊ वर्षांत द्राक्षांची दारू पुरेनाशी झाली आणि दुबार गाळलेल्या अर्कावर तो आला: दिवसा १४ प्याले, रात्री ६. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट बजावले, सहा महिने असेच गेले तर इलाज उरणार नाही. मग अर्कात सौम्य दारू मिसळत, प्याले कमी करत तो सात वर्षांत सहा प्याल्यांवर उतरला. जुम्याच्या आदल्या रात्री पीत नसे. पण जोडीला अफूचे फिलूनिया आले होते, हे विसरून चालणार नाही.

त्याचे दोन्ही भाऊ दारूनेच गेले, आणि दोघेही आपल्या दख्खनच्या मोहिमांत. मुराद १५९९ साली जालन्याच्या परिसरात, दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपुरात. दानियालवर खानखानान अब्दुर्रहीमने पहारे बसवले होते. जहांगीर लिहितो, त्याच्या लाडक्या बंदुकीच्या नळीतून नोकराने अर्क आत नेला, त्यात नळीतला गंज उतरला, आणि तो प्याल्यावर शहजादा उठलाच नाही. पहारा दाराशी होता, यार आत होते.

एवढे भोगलेल्या जहांगीरने १६१६ साली चोवीस वर्षांच्या खुर्रमला, तो तयार नसताना, स्वतः पहिला प्याला दिला. वर सल्ला दिला, सणासमारंभालाच घे, बेताने घे. खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, काही वर्षांनी दख्खनवर निघताना ती सोडून दिली.

बाबराने सोडली ती १५२७ च्या फेब्रुवारीत, खानव्याच्या लढाईआधी. सोन्या-चांदीची पात्रे मोडून गरिबांत वाटली, गझनीहून आलेल्या दारूत मीठ टाकून सिरका करायला सांगितले. त्याच्याबरोबर सुमारे तीनशे जणांनी तौबा केली, आणि आमच्या मते खरी गोम इथे आहे. एकटा सोडणारा दुसऱ्या दिवशी त्याच महफिलीत परततो. इथे सगळी महफिलच उठली.

तरी ओढ गेली नव्हती. १५२९ मध्ये ख्वाजा कलानला लिहिलेल्या पत्रात बाबर कबूल करतो, की दोन वर्षे महफिलीच्या आठवणीने रडू यायचे बाकी असे. आता कुठे मन निवळले आहे. मग ख्वाजाला तो म्हणतो, तूही सोड. जुन्या दोस्तांत बसून पिण्याची मजा वेगळी, पण आता तू पिणार कोणाबरोबर? शेर अहमद आणि हैदर कुली हेच सोबती असतील, तर सोडणे काही अवघड नाही.