ढालीनं केलेला वार : तारापूर, जानेवारी १७३९

आज इतिहासाकडे जरा आडवाटेनं जायचं आहे. आमचा नातू टीव्हीला यंत्र जोडून लढाईचे खेळ खेळतो. आम्ही शेजारी पेपर वाचत बसतो आणि मधूनच डोकावतो. परवा त्यानं ‘सेकिरो’ नावाचा खेळ लावला होता. २०१९ सालचा, जपानी कंपनीनं केलेला. समोरचा योद्धा तलवार उगारून येतो आणि नातू ती फक्त अडवतो. अडवतो, पुन्हा अडवतो. आम्ही म्हटलं, “अरे, मारतोस कधी?” तर म्हणाला, “आजोबा, हेच मारणं आहे.” नेमक्या क्षणी वार अडवला की मारणाऱ्याचाच तोल ढळतो, असा त्या खेळाचा नियम आहे. तोल पुरता गेला की एका फटक्यात काम होतं.

मग त्यानं दुसरा खेळ दाखवला, २०१६ चा ‘डूम’. तिथे उलटं. आपण जखमी झालो की आडोशाला जाऊन बसायचं नाही, शत्रूच्या अंगावर धावायचं. घायाळ शत्रूला जवळून संपवलं की आपली शक्ती परत भरते. म्हणजे पहिल्या खेळात बचाव हा हल्ला आहे आणि दुसऱ्यात हल्ला हा बचाव आहे.

हे खेळ रचणाऱ्यांपुढे एक खरी अडचण असते, बरं का. बचाव फार मजबूत दिला, तर खेळणारा ढालीमागे बसून राहतो आणि खेळ मरतो. बचाव कमकुवत ठेवला, तर तो नुसता आंधळेपणानं धावतो आणि स्वतः मरतो. तेव्हा बचावालाच धार कशी आणायची, हा त्यांचा प्रश्न. आम्हाला हे ऐकून एकदम तारापूर आठवलं. कारण चिमाजीआप्पांपुढे, खऱ्या माणसांनिशी, हाच प्रश्न होता.

आपल्याकडची शस्त्रं पाहिली तर ढाल वेगळी आणि तलवार वेगळी, असं दर वेळी नव्हतं. पट्ट्याचं उदाहरण घ्या. हात कोपरापर्यंत झाकणारं लोखंडी आवरण, आत आडवी मूठ, आणि पुढे लांब लवचिक पातं. हाताचं चिलखत आणि शस्त्र एकाच वस्तूत. पट्टा फिरवणारा आपल्याभोवती पात्याचं कडंच उभं करतो, आणि ते कडं पुढे सरकलं की तोच हल्ला. दुसरा माडू. काळविटाची दोन शिंगं उलटसुलट दिशांना बांधायची आणि मधे लहानशी ढाल. अडवा आणि भोसका. मर्दानी खेळ पाहिलेत तर फरी-गदगा शिकणाऱ्या मुलांना फरीचा हात आणि गदग्याचा हात एकत्रच हलवावे लागतात. पण हे झालं एका माणसाच्या अंगावरचं. हजारो माणसांच्या फौजेनं हे कसं करायचं?

आता आपल्या भागाकडे येऊ. आज बोईसरला उतरून तारापूर म्हटलं की रिक्षावाला विचारतो, अणुशक्ती केंद्र की एमआयडीसी? त्याचं बरोबरच आहे. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे सुरू झालं आणि गावाचं नाव त्या केंद्राचं झालं. बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीलाही तारापूरच म्हणतात. किल्ला मात्र चिंचणी-तारापूरच्या खाडीजवळ, गावात आहे. बाहेरून तट दिसतो, आत झाडी माजली आहे. इथे जन्मलेल्या किती जणांना तिथे काय घडलं ते माहीत आहे, हे विचारायची आम्हाला भीती वाटते.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला दमण, मग डहाणू, तारापूर, शिरगाव, केळवे-माहीम, अर्नाळा आणि दक्षिणेला वसई. पोर्तुगीजांना वसई १५३४ मध्ये मिळाली, दमण १५५९ मध्ये. दोनशे वर्षं ही माळ त्यांच्या हाती होती. यातला एकेक किल्ला फार मोठा नाही. शिरगाव तर आजच्या हिशेबानं एखाद्या मोठ्या वाड्याएवढा. पण त्यांना जोडणारा रस्ता समुद्राचा होता, आणि समुद्रावर त्यांची गलबतं होती. म्हणजे तट ही ढाल आणि गलबतं हा हात. एका किल्ल्याला वेढा पडला की दुसरीकडून दारूगोळा, माणसं आणि दाणा येणार. बुरुजांची रचनाही पाहण्यासारखी. वसईचे बुरूज आपल्या डोंगरी किल्ल्यांसारखे गोल नाहीत, कोन काढून पुढे आलेले आहेत. तटाला शिडी लावणाऱ्यावर समोरून मारा होतोच, शिवाय शेजारच्या बुरुजाच्या कुशीतूनही होतो. भिंत नुसती उभी राहत नाही, ती मारते.

मराठ्यांनी १७३७ च्या मार्चमध्ये ठाणं घेतलं. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी त्यासाठी बरीच वर्षं खटपट केली होती. साष्टी हातात आली. पण वसईवरचे पहिले हल्ले फसले, आणि माहीमला तर चांगलाच फटका बसला. वेढा घातलेल्या मराठ्यांवर बाहेरून आलेली पोर्तुगीज कुमक तुटून पडली. पुढे किल्ला, मागे कुमक, मधे आपण. चांगली माणसं पडली आणि वेढा उठवावा लागला.

इथे थोडं थांबू. वेढा घालणारा स्वतःला हल्लेखोर समजतो, आणि तिथेच फसतो. रोमन सेनापती सीझरनं इसवी सनापूर्वी ५२ मध्ये अलेसियाला वेढा घातला, तेव्हा दोन तटबंद्या उभारल्या. एक गावाकडे तोंड करून, आतल्यांना बाहेर पडू न देण्यासाठी. दुसरी पाठीमागे, बाहेरून येणाऱ्या मदतीला अडवण्यासाठी. त्याची फौज दोन तटांच्या मधे राहिली. वेढा घालणाराच वेढला गेलेला. माहीमला मराठ्यांना पाठ नव्हती, असं आम्ही म्हणू.

१७३८ च्या शेवटी चिमाजीआप्पा पुन्हा कोकणात उतरले. तेव्हाची आखणी पाहिली की ही चूक किती नीट समजून घेतली होती ते कळतं. वसईवर थेट जायचंच नाही. आधी उत्तरेचे मणी एकेक करून काढायचे : डहाणू, माहीम, शिरगाव, तारापूर. म्हणजे दमणहून येणारी वाट तुटेल. तिकडे व्यंकटराव घोरपडे गोव्यावर गेले आणि जानेवारी १७३९ मध्ये त्यांनी मडगाव घेतलं. गोव्याला आपलंच घर सांभाळायची पाळी आली, वसईला माणसं पाठवणं अवघड झालं. समुद्रावर मानाजी आंग्र्यांचं आरमार होतं. या सगळ्या चढाया आहेत, पण त्यांचं काम पाठ राखण्याचं आहे. सीझरनं पाठीमागे भिंत बांधली. चिमाजीआप्पांनी भिंतीऐवजी किनाऱ्यावर हल्ले केले. तारापूरची लढाई ही वसईच्या वेढ्याची ढाल होती. जर्मन विचारवंत क्लाउझेविट्झनं पुढे १८३२ मध्ये छापलेल्या ग्रंथात बचाव हाच युद्धाचा अधिक बळकट प्रकार मानला, आणि तो बचाव प्रतिहल्ल्यानं भरलेला असावा असंही मांडलं. आपण त्याला तारापूरचं उदाहरण पुरवू शकलो असतो.

जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडलं, आणि फौज तारापुराला भिडली. आता एक शब्द पाहू. मोर्चा. आज मोर्चा म्हणजे झेंडे, घोषणा, कलेक्टर कचेरी. चालत जाणारी माणसं. तेव्हाचा मोर्चा म्हणजे खणलेली, मातीनं बांधलेली, तोफबंदुकांची जागा. मोर्चा जागचा हलत नाही. पण मोर्चे ‘चालवले’ जातात, भिंतीला ‘भिडवले’ जातात. कसे? एक चर खणायचा, निघालेली माती शत्रूच्या बाजूला टाकायची, तिच्या आड बसून पुढचा चर खणायचा. रात्री जास्त, दिवसा कमी. फ्रान्समध्ये व्होबाँनं १६७३ मध्ये मास्ट्रिक्टच्या वेढ्यात याचं शास्त्र केलं, तटाला समांतर चर आणि त्यांना जोडणारे नागमोडी चर. नागमोडी अशासाठी, की सरळ चरात वरून सुटलेली गोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. मोगलांकडे साबात होती, वरून झाकलेली वाट. अकबरानं १५६७-६८ मध्ये चितोडला ती वापरली. तत्त्व एकच. आडोसा घेऊन बसायचं नाही, आडोसाच पुढे न्यायचा.

हे काम करणारे कोण? बेलदार, खणणारे, कुदळ-फावडेवाले. मोहिमांच्या कागदांत सरदारांची नावं ओळीनं येतात, कुदळवाल्यांची येत नाहीत. आणि आपण वसईची मोहीम सांगतो ती तलवारीची म्हणून. आमच्या मते ती मुख्यतः फावड्याची मोहीम आहे. मर्दुमकी गाणाऱ्यांना हे आवडत नाही, पण चरातल्या माणसालाही गोळी तितकीच लागते.

चर भिंतीजवळ आला की सुरुंग. जमिनीखालून बोगदा न्यायचा, माती ढासळू नये म्हणून लाकडाचे टेकू द्यायचे, तटाच्या पायाखाली कोठी करून दारू भरायची. मग मागची वाट मातीनं ठासून बंद करायची, नाहीतर स्फोट उलटा आपल्याच अंगावर येतो. समुद्रकाठची जमीन, पाणी लवकर लागतं. वर शत्रू कान लावून बसलेला. आणि शेवटी वातीचा भरवसा. चितोडला दोन सुरुंगांतला एक आधी उडाला, माणसं खिंडाराकडे धावली, आणि तेवढ्यात दुसरा त्यांच्याखालीच उडाला.

तारापूरला चार सुरुंग भरले होते. दोन साधले. बुरुजाला आणि तटाला खिंडारं पडली. समोरासमोरच्या बाजूंनी बाजी भिवराव, रामचंद्र हरी, यशवंतराव पवार, तुकोजी पवार यांच्या तुकड्या आत घुसायला धावल्या. इथे आडोसा संपला. चरातून बाहेर पडून खिंडारापर्यंतचं अंतर उघड्यावर पार करायचं होतं. आणि आतले हटेनात. बराच वेळ काय होईल सांगता येत नव्हतं. शत्रूच्या त्या झुंजीची कबुली चिमाजीआप्पांनी स्वतःच पत्रात दिली आहे.

निकाल लागला तो खिंडारात नाही. राणोजी भोसले यांनी, जिथे भिंत शाबूत होती, तिथे खंदक ओलांडून शिड्या लावल्या आणि तलवार घेऊन आत उतरले. बघा, सगळे रक्षक दोन खिंडारांवर गुंतलेले. तिथल्या हल्ल्यानं राणोजींना आडोसा दिला. सुरुंगांनी पाडलेल्या भोकांचा उपयोग असा झाला, की न पाडलेल्या जागी कोणी उरलं नाही. नातवाच्या भाषेत, शत्रूचा तोल गेला होता.

पण नातवाला आम्ही एक गोष्ट सांगितली. तुझ्या खेळात अडवणारा आणि मारणारा एकच असतो, आणि पुढे धावलं की शक्ती परत येते. तारापूरला ढाल झालेले वेगळे आणि आत पोचलेले वेगळे. बाजी भिवराव रेठरेकर तिथे गोळी लागून गेले. चिमाजीआप्पांनी त्यांच्या आईला लिहिलेलं सांत्वनाचं पत्र आहे. जिंकलेल्या सेनापतीचं वाटत नाही ते. आपला हातच गेला, असा त्याचा सूर आहे. नातू थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “म्हणजे तो ढाल होता.” आम्ही हो म्हटलं.

आणखी एक. ‘आपली’ माणसं असं आम्ही आज अनेकदा म्हटलं. आतल्या शिबंदीतही सगळे पोर्तुगालहून आलेले नव्हते. दोनशे वर्षांत याच किनाऱ्यावरची माणसं त्यांच्या चाकरीत होती. या सभागृहात दोन्ही बाजूंचे वंशज बसलेले असणं अगदी शक्य आहे. तारापूरच्या खिंडारात शेवटी उरलेल्या थोड्यांनी अभय मागितलं आणि त्यांना ते मिळालं.

फौज मग दक्षिणेला वळली. वसईच्या किल्ल्याला पाणी आणि खाडी यांचा वेढा, जमिनीची बाजू तेवढी उत्तरेची. फेब्रुवारीत तिथे पुन्हा पहिल्यापासून चर खणायला सुरुवात झाली. या वेळी दमणकडून कोणी आलं नाही. सुरुंग, खिंडारं, फसलेले हल्ले, पुन्हा सुरुंग, असं मे महिन्यापर्यंत चाललं. मग करार झाला. शिबंदीला शस्त्रांसह, मानानं बाहेर पडू दिलं, आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली.