पहिली वेलांटी की दुसरी? शुद्धलेखन, कळफलक आणि एका बोटाचा इतिहास

वाशिम जिल्ह्यातील धनजसारख्या गावात मूल घरी वऱ्हाडी ऐकते. तेथे ‘केळी’ची ‘केयी’ होते. शब्दाच्या शेवटची वेलांटी पहिली की दुसरी, हे तर वऱ्हाडीच काय, पुणेरी कानालाही सहसा उमगत नाही. मग दर आठवड्याच्या श्रुतलेखनासाठी शब्द घोकणाऱ्या त्या मुलाने विसंबावे कशावर?

नियमांवर, आणि ते नियम फार जुने नाहीत. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. विदर्भ साहित्य संघ त्याची एक घटक संस्था. महामंडळाच्या १४ नियमांना १९६२ साली राज्य शासनाची मान्यता मिळाली, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले. ‘नांव’चे ‘नाव’, ‘घरीं’चे ‘घरी’ झाले. शेवटचे इकार-उकार दीर्घ ठरले, म्हणून ‘कवि’ हा ‘कवी’ झाला. एकाच घरात आजोबांचे शुद्ध ते नातवाचे अशुद्ध ठरले! या बदलाने किती जुन्याजाणत्यांचे मन दुखावले असेल, याची कल्पना आज येत नाही.

पुढे संगणक आला. जुन्या टंकलेखन यंत्रावर ‘दिन’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘द’ उमटवावा लागे. डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. १९८६ साली प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाने हा क्रम उलटवला. आधी व्यंजन, मग स्वर, म्हणजे उच्चाराचा क्रम. त्याची रचना विलक्षण आहे. पहिली वेलांटी आणि पहिला उकार मधल्या ओळीत. दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार त्यांच्या लगेच वरच्या ओळीत. चारही कळा डाव्या तर्जनीच्या.

‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब; ‘सुत’ म्हणजे पुत्र, ‘सूत’ म्हणजे धागा. जो भेद कानाला निसटतो, तो येथे बोटाला कळतो. शब्द ऐकून टंकण्याचा संगणकावरील सराव म्हणूनच निव्वळ घोकंपट्टीहून निराळा.

मात्र रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवण्याची सोय रुळली आणि हा निर्णय पुन्हा हातातून गेला. पडद्यावर ‘दिन’, ‘दीन’ दोन्ही सुचवले जातात. मूल पहिल्यावर टिचकी मारून मोकळे होते. सरावापुरत्या तरी त्या सूचना बंद ठेवाव्यात, असे मला वाटते.

आणि हो, अन्त्य इकार दीर्घ असला तरी ‘आणि’ अपवाद आहे. तेथे बोट मधल्याच ओळीत राहते.