वडगावची मोहीम आणि युद्धवार्ता : शके १७०० मधील एक प्रकरण

इ. स. १७७९ च्या जानेवारी महिन्यात मावळातील वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांपुढे हात टेकावे लागले, ही घटना मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांचे सेनापतित्व, नाना फडणवीसांचे धोरण आणि इंग्रज सेनानींची अकार्यक्षमता या तीन अंगांनी या मोहिमेची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु या प्रकरणाला एक चौथे अंग आहे, व त्याकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. हे अंग म्हणजे वार्तेचे. युद्ध मावळात चालले होते. त्याच्याविषयीचे निर्णय मात्र पुणे, मुंबई, बऱ्हाणपूर आणि कलकत्ता अशा चार ठिकाणी, रणभूमीपासून कमीअधिक अंतरावर बसलेली माणसे घेत होती. त्यांतील प्रत्येकाच्या हाती कोणती बातमी होती, ती किती शिळी होती, आणि तिच्यावरून त्याने काय अनुमान काढले, हे पाहिल्याशिवाय वडगावच्या तहाचा उलगडा होत नाही.

१. बातमीचे वय

अठराव्या शतकात बातमी माणसाच्या पायांनी किंवा घोड्याच्या टापांनी चालत असे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्याची पहिली निश्चित सूचना नानासाहेब पेशव्यांना दहा दिवसांनी, भिलशाच्या मुक्कामी, तीही एका सावकारी पत्रातील सांकेतिक भाषेतून मिळाली. त्या दहा दिवसांत पेशवे जिवंत सैन्याच्या मदतीस निघाल्याच्या समजुतीने वागत होते. म्हणजे बातमी हाती येते तेव्हा तिच्यातील जग पालटून गेलेले असते, हा त्या काळच्या राज्यकारभारातील नित्याचा अनुभव होता. म्हणूनच मराठी दप्तरातील पत्रांवर लिहिल्याच्या तारखेबरोबर पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याची, नोंद अनेकदा आढळते. ती नोंद केवळ कारकुनी शिस्त नव्हे. पत्रातील मजकुरावर विश्वास किती ठेवावा याचे ते माप होते.

इंग्रजांची स्थिती याहून बिकट होती. अमेरिकेतील साराटोगा येथे जनरल बर्गॉइन याने ऑक्टोबर १७७७ मध्ये शरणागती पत्करली. ही बातमी कलकत्त्याच्या कौन्सिलात चर्चेला आली ती १७७८ च्या उन्हाळ्यात. फ्रान्सशी युद्ध जुंपल्याचे वर्तमान त्याच वर्षी जुलैच्या प्रारंभी तेथे पोहोचले. एकाच बातमीचे दोन अर्थ कसे होतात याचे हे उत्तम उदाहरण आहे. पश्चिमेकडे असा फटका बसला असताना मराठ्यांशी झगडा वाढवू नये, असे फिलिप फ्रान्सिसच्या पक्षाचे म्हणणे. तर पश्चिमेत गमावलेले पूर्वेत भरून काढणे हे आपले अधिकच कर्तव्य ठरते, असे वॉरन हेस्टिंग्जचे उत्तर. बातमीत कोणताच फरक नव्हता. फरक होता तो ती ऐकणाऱ्याच्या आधीच ठरलेल्या मनात.

२. मुंबईकरांचे अनुमान

मुंबईच्या कौन्सिलाने पुण्यावर स्वारी करण्याचा बेत केला तो तीन समजुतींवर. पहिली समजूत अशी की, पुण्यात फ्रेंचांचे वर्चस्व वाढत आहे. सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ १७७७ मध्ये पुण्यास आला व त्याचा दरबारात मोठा सत्कार झाला. त्याच्या बोलण्यामागे फ्रान्सचे बळ कितपत होते हा प्रश्नच होता. मराठ्यांच्या मदतीस फ्रेंच फौज कधीच आली नाही. परंतु नानांनी त्याला जो मान उघडपणे दिला, तो मुंबईस व कलकत्त्यास बरोबर कळला आणि त्याचे वजन तेथे वाजवीपेक्षा फार जास्त धरले गेले.

दुसरी समजूत पुण्यातील दुफळीविषयीची. मोरोबा फडणीस यांच्या पक्षाने १७७८ च्या वसंतात कारभार हाती घेतला होता व राघोबादादांना आणण्यास तो पक्ष अनुकूल होता. ही वार्ता त्या वेळी खरी होती. पण त्याच वर्षीच्या जुलैत नानांनी महादजींच्या साहाय्याने मोरोबांना कैद करून तो पक्ष मोडून टाकला. मुंबईकरांना हे कळले नव्हते असे नाही. तरीही मार्चमधल्या पुण्यासाठी आखलेला बेत त्यांनी नोव्हेंबरमधल्या पुण्यावर लागू केला. तिसरी समजूत खुद्द राघोबादादांनी पुरविली होती: आपण घाट चढताच सरदार येऊन मिळतील. सांगणाराचा स्वार्थ ज्या बातमीत पूर्णपणे गुंतलेला आहे, ती दुसऱ्या सूत्राने पडताळून न पाहता स्वीकारणे हा वार्ताविचारातील सर्वांत जुना दोष. तोच येथे घडला.

याशिवाय कर्नल लेस्लीच्या व पुढे गॉडर्डच्या हाताखाली बंगालची फौज मे १७७८ पासून काल्पीहून मध्य हिंदुस्थानातून येत होती. तिची वाट न पाहता मुंबईकर निघाले.

३. अकरा दिवसांत आठ मैल

कॅप्टन जेम्स स्टुअर्टच्या तुकडीने नोव्हेंबरअखेर बोरघाट विनासायास ताब्यात घेतला. मुख्य फौज पनवेलीहून वर चढून २३ डिसेंबरला घाटमाथ्यावर जमा झाली. लढाऊ माणूस सुमारे ३,९००. बैल मात्र १९,००० च्या वर. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे अवघे आठ मैल चालण्यास या सैन्याला अकरा दिवस लागले.

मावळची भूमी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या संथपणाचा अर्थ लगेच ध्यानात येईल. इंद्रायणीचे खोरे पूर्वेकडे उतरत जाते. उत्तरेस कार्ल्याच्या लेण्यांचा डोंगर, दक्षिणेस लोहगड व विसापूर. पुण्याच्या वाटेवरील ही पट्टी या दोन किल्ल्यांच्या नजरेखालची आहे, आणि किल्ले मराठ्यांच्या हातात होते. तेव्हा एवढा मोठा बैलताफा कोठे आहे, किती पुढे सरकला, तोफा कोणत्या अंगाला आहेत, हे जाणण्यास हेरगिरीची विशेष करामत नको होती. वर उभे राहून पाहणे पुरेसे होते. जासुदांनी ही माहिती पुण्यास पोहोचवायची म्हणजे एका दिवसाचेही काम नव्हे. उलट इंग्रजांना पुढचे गाव दिसे, पण त्यामागे काय आहे हे समजत नसे; चारी बाजूंना फिरणाऱ्या मराठी घोडदळामुळे त्यांचे बातमीदार बाहेर पडू शकत नव्हते व मुंबईची वाटही धोक्यात आली होती.

याच सुमारास इंग्रजांची आणखी एक हानी झाली. पुण्याच्या दरबारात वकील म्हणून अनेक वर्षे राहिलेला टॉमस मोस्टिन हा मोहिमेच्या तिघांच्या समितीत होता. तो आजारी पडून मुंबईस परतला व १ जानेवारी १७७९ रोजी वारला. पुण्याहून आलेल्या बातमीत खरे किती, हूल किती, हे स्वानुभवाने सांगू शकेल असा समितीतील एकमेव माणूस गेला. मागे राहिलेल्यांपैकी कर्नल एगर्टन प्रकृतीने खचलेला, आणि कार्नॅकला या मुलखाची ओळख नव्हती. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने स्टुअर्टही पडला. एगर्टनच्या जागी कॉकबर्नकडे फौजेची सूत्रे आली.

४. तळेगावचा निर्णय

९ जानेवारीस फौज तळेगावास पोहोचली. तेथून पुणे अठरा मैल. गाव जळून उद्ध्वस्त झालेले होते. पुढे चिंचवड आणि वेळ पडल्यास खुद्द पुणेही जाळून टाकण्याची मराठ्यांची तयारी असल्याची बातमी आली. येथेच या प्रकरणाचा मर्मबिंदू आहे. इंग्रजांपाशी अद्याप अठरा दिवसांची शिधासामग्री होती व त्यांचा निर्णायक पराभवही झाला नव्हता. तरीही ११ जानेवारीस परत फिरण्याचे ठरले. थोडे थांबावे, असे राघोबादादांचे म्हणणे होते. कॅप्टन हार्टलीसारख्या अधिकाऱ्यालाही माघार पसंत नव्हती. पण ज्या समितीने घाटाखाली प्रत्येक अनुकूल वार्ता खरी मानली होती, तिने आता प्रत्येक प्रतिकूल वार्ता खरी मानली.

पुणे जाळण्याची तयारी ही नुसती हूल होती काय? तसे म्हणता येणार नाही. तळेगावची राख इंग्रजांच्या डोळ्यांसमोर होती. नानांच्या वार्तानीतीचे बळ यातच होते: जी बातमी शत्रूपर्यंत जाऊ द्यायची, तिच्या मागे कृतीचा पुरावाही ठेवायचा. मात्र या पुराव्याची किंमत कोणी दिली हे विसरता कामा नये. जळालेली घरे, पेटविलेल्या गंजी आणि उजाड झालेली शिवारे मावळातील रयतेची होती. दरबारी पत्रांत ही गोष्ट एका ओळीत येते. त्या ओळीमागे पौषातल्या थंडीत गुरेढोरे घेऊन डोंगराच्या आश्रयाला गेलेली कुटुंबे आहेत. त्यांना युद्धाची वार्ता अखबारातून कळली नाही; धुरावरून कळली.

११ जानेवारीच्या रात्री, पौष वद्यातील काळोखात, जड तोफा तळ्यात लोटून व सामान जाळून फौज गुपचूप निघाली. हे गुपित तीन तासही टिकले नाही. रात्री दोनच्या सुमारास मराठ्यांचा मारा सुरू झाला. १२ तारखेला फौज कशीबशी वडगावात शिरली. हार्टलीने पिछाडी शर्थीने सांभाळली, परंतु पुढे जाण्याचे त्राण उरले नव्हते. १६ जानेवारीस करार झाला. १७७३ नंतर इंग्रजांनी घेतलेली साष्टी आदी ठाणी परत करावी, आणि बंगालहून येणारी फौज माघारी पाठवावी, ही त्यांतील प्रमुख कलमे. राघोबादादा महादजींच्या स्वाधीन झाले.

५. पुण्याच्या दृष्टीची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून पुणे दरबारास सर्व काही दिसत होते असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. मावळ पुण्याच्या अंगणात होते, म्हणून तेथले वर्तमान ताजे व पडताळता येण्याजोगे होते. नर्मदेपलीकडच्या फौजेचे तसे नव्हते. बंगालची फौज परत पाठविण्याचे कलम करारात घालावे लागले, यातच तिच्याविषयीची पुण्याची चिंता व्यक्त होते. जे दूर होते व शस्त्राने रोखणे कठीण होते, ते कागदाने रोखण्याचा हा प्रयत्न होता.

तो फसला, आणि तोही बातम्यांच्या गोंधळातूनच. गॉडर्ड ३० जानेवारीस बऱ्हाणपुरास आला. त्याला मावळातून व मुंबईकडून आलेली पत्रे परस्परविरोधी होती. एका पत्रात कराराप्रमाणे माघारी जाण्याची सूचना. नंतरच्या पत्रात ती सूचना रद्द. कोणते पत्र दडपणाखाली लिहिलेले व कोणते मोकळेपणी, हे त्याला दुरूनच ठरवावे लागले. त्याने पत्रांतील शब्दांपेक्षा त्यांच्या क्रमावरून बोध घेतला: पराभव झाला आहे, लिहिणारे स्वतंत्र नाहीत, आणि आपण मुंबईच्या नव्हे तर बंगालच्या हुकमाचे ताबेदार आहोत. ६ फेब्रुवारीस निघून सुमारे तीन आठवड्यांत त्याने सुरत गाठली. पुढे करार नाकारण्यात आला, युद्ध पुन्हा पेटले, आणि १७८१ मध्ये हाच गॉडर्ड बोरघाटापर्यंत येऊन मोठे नुकसान सोसून परत फिरला. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह होईपर्यंत मावळला स्वस्थता नव्हती.

६. बातमीची स्मृती

वार्ता शेवटी कोठे जाऊन विसावते, याचेही उत्तर मावळात मिळते. कार्ल्यास पडलेला स्टुअर्ट मराठी लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ झाला. शत्रूच्या शौर्याला दिलेली ही दाद होय. झाडावर चढून टेहळणी करीत असता त्याला गोळा लागला अशी कथा आहे. मृत्यू कार्ल्यास, पण त्याचे म्हणून मानले जाणारे समाधिस्थान वडगावास. स्मृतीने लढाईच्या जागा एकत्र केल्या. दप्तरात नाव नसलेल्या माणसांनी ही वार्ता आपल्या पद्धतीने जतन केली, हे मात्र त्यावरून निश्चित ठरते.

या प्रकरणातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा. तत्कालीन पत्रातील प्रत्येक बातमीला तीन तारखा असतात: घटनेची, लेखनाची आणि पैवस्तीची. वाचताना या तिन्ही वेगळ्या ठेवाव्या लागतात. शिवाय सांगणाराचा हेतू व ऐकणाराची अपेक्षा ही दोन मापेही लावावी लागतात. मुंबईकर हरले ते बातमी नव्हती म्हणून नव्हे. बातम्या त्यांच्याकडे भरपूर होत्या. त्यांचे वय, उगम आणि पुरावा पाहण्याची शिस्त नव्हती. पुण्याला ती शिस्त मावळापुरती साधली, आणि जेथे अंतर वाढले तेथे तिलाही मर्यादा पडल्या. आज वडगावची लढाई सांगताना विजयाच्या अभिमानाबरोबर ही मर्यादाही नोंदविली पाहिजे, आणि तळेगावच्या राखेचा हिशेबही.