कंठग्रंथि आणि गर्भिणी

रत्नागिरी जिल्ह्यांतील गणपतीपुळ्याचें देवालय अगदीं समुद्राला लागून आहे. अशा गांवीं मासळी ताजी, मीठही समुद्राचें. तेव्हां आयोडिनाच्या अभावानें होणारा गळ्याचा विकार दूरच्या डोंगराळ मुलखाचा, आपला नव्हे, असें किनाऱ्यावरील लोकांस वाटणें साहजिक आहे. परंतु ही समजूत अर्धवट आहे, आणि गर्भवती स्त्रीच्या बाबतींत तिचा भुर्दंड पोटांतील बाळाला सोसावा लागतो.

गलगंडाचें वर्णन सुश्रुतसंहितेंत आहे. त्याचें कारण उमगण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८११ सालीं कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास समुद्रवनस्पतींच्या राखेंतून आयोडिन मिळालें, आणि १८२० सालीं जिनीव्हाच्या क्वांदे या वैद्यानें तें गलगंडावर योजिलें. पुढें १८९१ सालीं इंग्लंडांत डॉक्टर मरे यांनीं मेंढीच्या कंठग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, अर्क टोंचून एका रोगी स्त्रीस बरें केलें. ती आणखी २८ वर्षें जगली. १९१४ सालीं केंडॉल यांनीं त्या ग्रंथींतील थायरॉक्सिन शुद्ध रूपांत वेगळें काढलें, व १९२७ सालीं हॅरिंग्टन आणि बार्जर यांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें. आजची लहानशी गोळी हें त्याचेंच फळ होय.

हिंदुस्थानांत १९५६ पासून डॉक्टर रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं कांगडा खोऱ्यांत आयोडिनयुक्त मिठाचा प्रयोग केला व गलगंड हटतो हें दाखविलें. १९६२ सालीं सरकारी योजना सुरू झाली. समुद्राच्या साध्या मिठांत आयोडिन नाममात्रच असतें; १९३० च्या सत्याग्रहानें गाजलेल्या शिरोड्याचें मीठही याला अपवाद नव्हे. म्हणून २००६ पासून खाण्यासाठीं आयोडिनविरहित मीठ विकण्यास देशभर मनाई आहे.

परंतु आयोडिन पुरेसें मिळूनही ग्रंथि मंदावते. शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटतें, हा विकार जपानी वैद्य हाशिमोतो यांनीं १९१२ सालीं वर्णिला. येथें मासळी किंवा मीठ उपयोगी पडत नाहीं.

पहिले कांहीं महिने गर्भाची स्वतःची ग्रंथि काम करीत नाहीं. मेंदूच्या वाढीसाठीं तो आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत, उपचार न झालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनीं कमी आढळला. थकवा, सूज, मलावरोध हीं लक्षणें गरोदरपणाचींच समजून सोडून दिलीं जातात. म्हणून रक्ततपासणी हाच खरा साक्षीदार.

श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : गोळी अनशापोटीं घ्यावी, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानें घ्याव्या. गरोदरपणीं थायरॉक्सिनची गरज वाढते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें मात्रा ठरवावी व पहिल्या निम्म्या काळांत सुमारें दर चार आठवड्यांनीं रक्त तपासावें. प्रसूतीनंतर मात्रा पुन्हां पाहावी. "बाळाला औषध बाधेल" म्हणून गोळी बंद करणें हाच खरा धोका. गोळींत जें आहे, तें निरोगी आईच्या रक्तांत निसर्गतःच असतें.